केबल बंद करायची की ठेवायची? आधी घरातलं बघणं मोजा

केबल बंद करून स्ट्रीमिंगवर, म्हणजे इंटरनेटवरून टीव्ही बघण्यावर, जायचा विचार बहुतेक घरांत बिल हातात पडल्यावर सुरू होतो. शेकडो चॅनेलचे पैसे भरायचे आणि बघायची मोजकीच, याचा राग येतो. त्या रागात कुणीतरी केबल बंद करून टाकतं, आणि पहिल्याच मोठ्या सामन्याच्या दिवशी घरात कटकट सुरू होते. उलटंही होतं. कुणी तीन-चार ॲप घेतं, केबलही बंद करत नाही, आणि वर्षभर दोन्हीकडे पैसे जात राहतात.

दोन्ही चुका टाळता येतात. कुठे किती बघायला मिळतं यावर हा निर्णय ठरवू नका. आपल्या घरात कोण, काय आणि कधी बघतं ते आधी मोजा. हे सगळं नवीन असलेल्यांसाठी एकेक पायरी खाली दिली आहे. घाई करू नका, पूर्ण प्रक्रियेला दीड-दोन महिने द्या.

आधी दोन्हींतला फरक

केबलच्या तारेतून साधारणपणे सगळी चॅनेल एकाच वेळी वाहत असतात. एकजण बघो की लाखभर माणसं, सिग्नल तोच. सेट-टॉप बॉक्स त्यातून तुम्हाला हवं ते चॅनेल उचलून दाखवतो. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक पडद्यासाठी सर्व्हरकडून वेगळा प्रवाह येतो. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, आणि ॲप तुमच्या इंटरनेटचा वेग बघून पुढचा तुकडा किती स्पष्ट मागवायचा ते ठरवतं. म्हणून वेग कमी झाला की चित्र आधी धूसर होतं, आणि तरीही भागलं नाही तर मध्यभागी ते गोल चक्र फिरायला लागतं.

यातून दोन परिणाम निघतात. पहिला, घरात तीन पडदे चालू असतील तर इंटरनेटवर तिप्पट ताण येतो. दुसरा, थेट प्रक्षेपण केबलपेक्षा मागे असतं, कारण तुकडे तयार करणं, पाठवणं आणि काही तुकडे आगाऊ साठवणं यात वेळ जातो. हा उशीर अर्ध्या मिनिटापर्यंतही जाऊ शकतो. चित्रपटाला त्याने काहीच बिघडत नाही. पण सामना रंगात असताना शेजारच्या घरातला जल्लोष आधी ऐकू आला, की खेळप्रेमी माणसाचा विरस होतो. ही तक्रार क्षुल्लक समजू नका.

नेटफ्लिक्सने २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू केलं तेव्हा ती टपालाने डीव्हीडी पाठवण्याच्या सेवेला दिलेली एक जोड होती. कोण किती टीव्ही बघतं हे मोजणाऱ्या नील्सन या कंपनीच्या मोजणीनुसार अमेरिकेत टीव्ही बघण्याच्या वेळेत जुलै २०२२ मध्ये स्ट्रीमिंगने पहिल्यांदा केबलला मागे टाकलं, आणि मे २०२५ मध्ये केबल आणि अँटेनावरचं साधं प्रक्षेपण यांच्या बेरजेलाही. वारा कुठे वाहतोय ते यातून दिसतं. पण ही पूर्ण देशाची सरासरी आहे, आणि तुमच्या दिवाणखान्यात सरासरी माणूस राहत नाही.

पायरी पहिली: दोन आठवडे लिहून ठेवा

टीव्हीशेजारी एक वही आणि पेन ठेवा. टीव्ही चालू करणाऱ्याने तीन गोष्टी लिहायच्या: नाव, काय बघितलं, आणि ते त्याच वेळी बघणं गरजेचं होतं की नंतरही चाललं असतं. स्मरणावर विसंबू नका. आपण काय बघतो हे आठवताना माणूस आवडीच्या गोष्टी सांगतो. प्रत्यक्षात वेळ गेलेला असतो तो जेवताना लावलेल्या बातम्यांत, किंवा आधी तीनदा पाहिलेल्या चित्रपटाच्या शेवटच्या अर्ध्या तासात.

दोन आठवड्यांनी वही उघडली की नोंदींचे साधारण चार गट पडतात. सामने आणि ताज्या बातम्यांसारखं थेट बघायचं. ठरलेल्या वेळेच्या मालिका. चित्रपट आणि वेबमालिकांसारखं केव्हाही चालणारं. आणि चौथा गट म्हणजे नुसता चालू असलेला टीव्ही.

या चौथ्या गटाकडे सगळे दुर्लक्ष करतात. माझ्या मते निर्णय बहुधा इथेच होतो. घरी एकटं असलेलं माणूस दुपारी टीव्ही लावतं ते सोबतीला. घरात आवाज हवा असतो, काय लागलंय याला फारसं महत्त्व नसतं. केबल ही सोबत आपोआप देते: बटण दाबलं की काहीतरी चालू असतं. स्ट्रीमिंगमध्ये आधी ॲप उघडा, प्रोफाइल निवडा, चित्रांच्या रांगा चाळा, मग ठरवा. दिवसभराच्या कामाने थकलेल्या माणसाला हे निवडणं जड जातं. वहीत चौथा गट मोठा निघाला, तर केबल बंद करण्याआधी त्याची सोय कशी लावायची याचा विचार झालाच पाहिजे.

दोन आठवड्यांत वर्षभराचं चित्र मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. खेळांच्या स्पर्धा, निवडणुकांचे निकाल, पुरस्कार सोहळे, मुलांच्या सुट्या असं जे वर्षातून ठरावीक वेळीच बघितलं जातं, त्याची यादी घरच्यांना विचारून वहीच्या शेवटच्या पानावर लिहा.

पायरी दुसरी: प्रत्येक गोष्ट कुठे मिळते ते शोधा

आता वहीतल्या एकेका नावासमोर लिहा: हे कुठल्या सेवेवर अधिकृतपणे मिळतं? सेवेच्या जाहिरातीवर जाऊ नका. तुमच्या देशातल्या ॲपमध्ये नाव टाकून प्रत्यक्ष शोधा. एकच सेवा वेगवेगळ्या देशांत वेगवेगळा माल दाखवते, कारण हक्क देशागणिक विकले जातात. भाग त्याच दिवशी येतो की उशिरा, हवी ती भाषा आणि उपशीर्षकं आहेत का, जुने भाग आहेत का, तेही तिथेच बघून घ्या.

खेळांच्या बाबतीत जास्त काटेकोर राहा. प्रक्षेपणाचे हक्क स्पर्धेनुसार, देशानुसार आणि काही वर्षांच्या मुदतीने विकले जातात. त्यामुळे एकाच खेळाच्या दोन स्पर्धा दोन वेगळ्या सेवांवर असू शकतात, आणि मुदत संपली की सगळं पुन्हा हलतं. तुमच्या यादीतली प्रत्येक स्पर्धा वेगळी तपासा. 'खेळ मिळतात' एवढ्या उत्तराने काहीच कळत नाही.

इथे एक सापळा आहे. काही चॅनेलांचं स्वतःचं ॲप असतं, ते फुकट उतरवता येतं, आणि बघायला बसलं की ते केबलचं खातं जोडायला सांगतं. म्हणजे केबल बंद केली की ते ॲपही गेलं. यादीतल्या प्रत्येक ॲपचा व्हिडिओ एकदा खरोखर चालवून बघा.

फुकटचे मार्गही तपासा. जाहिराती दाखवून विनामूल्य चालणाऱ्या सेवा आहेत. प्लूटो टीव्ही आणि टूबी ही त्यातली जुनी नावं, पण त्या सगळ्या देशांत चालत नाहीत. बऱ्याच स्मार्ट टीव्हींमध्ये अशी फुकट चॅनेल आधीपासूनच असतात, उदाहरणार्थ सॅमसंग टीव्ही प्लस. ती केबलसारखी सतत वाहत असतात, म्हणून वर सांगितलेल्या चौथ्या गटासाठी ती फार उपयोगी पडतात. बातम्यांची अनेक चॅनेल यूट्यूबवर थेट चालतात. आणि अनेक देशांत साध्या अँटेनावर काही चॅनेल अजूनही विनाशुल्क मिळतात. अँटेना एकदा विकत घेतला की महिन्याचं बिल नाही, आणि इंटरनेट बंद पडलं तरी बातम्या दिसतात. तुमच्या भागात सिग्नल पोचतो का, ते मात्र आधी विचारून घ्या.

पायरी तिसरी: इंटरनेट खरोखर पुरतं का

नेटफ्लिक्सने दिलेले आकडे धरून चला. ७२०पी म्हणजे साध्या एचडी चित्राला ३ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद, इंटरनेटच्या वेगाचं माप), १०८०पी म्हणजे फुल एचडीला ५ आणि त्याहून स्पष्ट अशा ४के ला १५ एमबीपीएस किंवा त्याहून जास्त. हे एका पडद्याचं झालं. संध्याकाळी एकाच वेळी किती पडदे चालू असतात ते मोजा, बेरीज करा, आणि फोन, लॅपटॉप, कॅमेरे यांच्यासाठी वर निदान तेवढाच वेग हाताशी ठेवा.

डेटाची मर्यादा असलेल्यांनी आणखी एक हिशेब करावा. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४के ला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. रोज तीन तास एचडी बघितलं, तर ३० दिवसांत २७० जीबीपर्यंत मजल जाते, तीही एका पडद्याची. केबलवर हा प्रश्नच येत नव्हता, म्हणून अनेकांना तो पहिल्या महिन्याच्या शेवटी कळतो. मर्यादा ओलांडल्यावर वेग कमी होतो की जादा पैसे लागतात, ते आधीच विचारा. बहुतेक ॲपमध्ये चित्राचा दर्जा कमी करून डेटा वाचवता येतो. लहान पडद्यावर तो फरक फारसा जाणवत नाही.

वेग मोजताना एक पथ्य पाळा: फोन हातात घेऊन राउटरशेजारी उभं राहून मोजू नका. टीव्ही आहे त्या जागी, रात्री सगळे नेट वापरत असतात त्या वेळी मोजा. जमल्यास टीव्हीवरच मोजा. कागदावर १०० एमबीपीएस असलेलं कनेक्शन दोन भिंतींपलीकडच्या टीव्हीपर्यंत पोचताना बरंच रोडावतं. वायफायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब पोचतो, पण त्यावर शेजाऱ्यांचीही गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो, पण भिंतींपुढे लवकर थकतो. राउटर कपाटात किंवा जमिनीलगत असेल तर उंच आणि मोकळ्या जागी आणा. यातलं काही न करता राउटरपासून थेट टीव्हीपर्यंत इंटरनेटची (लॅनची) तार ओढता आली तर उत्तमच. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, आणि स्ट्रीमिंगला तेवढं भरपूर झालं.

केबल आणि इंटरनेट एकाच कंपनीचं असेल, तर केबल काढल्यावर नुसत्या इंटरनेटचा दर काय पडेल ते लेखी मागा. दोन्ही एकत्र घेतल्याची सवलत गेली की इंटरनेट महाग होतं, आणि कधीकधी केबलची अर्धी बचत तिथेच संपते.

पायरी चौथी: टीव्ही आणि जोडयंत्र

नवा टीव्ही घ्यायची बहुधा गरज नसते. टीव्हीला एचडीएमआय पोर्ट असेल तर स्ट्रीमिंग स्टिक किंवा छोटा बॉक्स लावून काम भागतं. टीव्ही स्मार्ट असला तरी जुना असेल तर एकेक ॲप त्यावर चालेनासं होतं. डिसेंबर २०१९ मध्ये सॅमसंगच्या काही जुन्या टीव्हींवर नेटफ्लिक्स बंद झालं, तेव्हा त्या टीव्हींचे पडदे ठणठणीत होते. पडदा दहा वर्षं टिकतो, त्यातलं सॉफ्टवेअर तितकं टिकत नाही. म्हणून मी बाहेरून लावायच्या यंत्राच्या बाजूने आहे. जुनं झालं की तेवढंच बदलायचं.

स्टिकला वीज टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, सोबतचा अडॅप्टर वापरा. कमी वीज मिळाली की स्टिक मध्येच बंद पडते, आणि दोष इंटरनेटवर जातो. ४के हवं असेल तर स्टिक लावायचं टीव्हीचं ते पोर्ट एचडीसीपी २.२ (४के व्हिडिओची नक्कल रोखणारी संरक्षण-पद्धत) चालवणारं आहे का ते माहितीपुस्तिकेत बघा.

पायरी पाचवी: वर्षाचा हिशेब

महिन्याचे दर शेजारी ठेवले तर स्ट्रीमिंग नेहमी स्वस्त वाटतं. म्हणून वर्षाचा हिशेब मांडा. केबलच्या बाजूला पॅकेज, बॉक्सचं भाडं, दुसऱ्या टीव्हीचे जादा पैसे, कर. स्ट्रीमिंगच्या बाजूला दुसऱ्या पायरीत निघालेली प्रत्येक सेवा, इंटरनेटचा वेग वाढवावा लागला तर तो फरक, आणि स्टिकची किंमत तीन-चार वर्षांत विभागून. सुरुवातीची सवलत धरू नका, ती संपल्यानंतरचा दर धरा.

सेवेच्या स्वस्त योजनेत काय मिळत नाही ते बारकाईने वाचा. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणि डिझ्नी प्लसने त्याच वर्षी डिसेंबरात जाहिरातींसह स्वस्त योजना आणली. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने जानेवारी २०२४ पासून काही देशांत आहे त्याच योजनेत जाहिराती घातल्या आणि त्या नको असतील तर जादा पैसे मागितले. जाहिरातींना कंटाळून केबल सोडणाऱ्याने हे आधी बघायला हवं. एकाच वेळी किती पडदे चालतात, चित्राचा दर्जा किती, हेही योजनेनुसार बदलतं. आणि घराबाहेरच्या नातेवाइकांचा पासवर्ड वापरून भागवू असा हिशेब करू नका. २०२३ पासून नेटफ्लिक्सने त्यावर अनेक देशांत निर्बंध आणले, आणि इतर सेवाही त्याच वाटेने गेल्या.

स्ट्रीमिंगची खरी बचत आलटून-पालटून घेण्यात आहे. पाच सेवा वर्षभर चालू ठेवल्या तर केबलपेक्षा जास्त खर्च होऊ शकतो. त्याऐवजी एक-दोन सेवा महिन्याच्या बोलीवर घ्या, त्यावरचं हवं ते बघून झालं की थांबवा आणि दुसरी घ्या. वर्षाची योजना स्वस्त दिसते, पण पहिल्या वर्षी ती घेऊ नका. काय टिकेल ते अजून तुम्हालाच ठाऊक नसतं.

एवढं करून दोन्ही बाजूंत फारसा फरक निघाला नाही, तर केबल राहू द्या. थोड्याशा बचतीसाठी घरातल्या सगळ्यांच्या सवयी मोडणं मला योग्य वाटत नाही.

पायरी सहावी: महिनाभर केबलविना राहून बघा

हिशेब स्ट्रीमिंगच्या बाजूने निघाला तरी केबल लगेच बंद करू नका. सेट-टॉप बॉक्सची वायर काढा, रिमोट कपाटात ठेवा, आणि एक महिना नुसत्या इंटरनेटवर काढा. त्या महिन्याचे पैसे दोन्हीकडे जातील, ते जाऊ द्या. एखादा महत्त्वाचा सामना येतो असा महिना निवडा. वही पुन्हा टीव्हीशेजारी ठेवा. या वेळी एकच गोष्ट लिहायची: काय हवं होतं आणि मिळालं नाही.

घरातल्या वयस्कर माणसांसाठी हा महिना सर्वात कसोटीचा असतो, आणि त्यांना समजावण्यात सर्वात जास्त वेळ घालवा असं मी मनापासून सांगेन. आजोबांना चॅनेलचे आकडे पाठ असतात. आकडा दाबला की बातम्या लागतात, यात त्यांचं स्वावलंबन आहे. ते काढून घेऊन हातात बाणांचा रिमोट दिला, की प्रत्येक वेळी कुणाला तरी हाक मारावी लागते. थोड्या दिवसांनी ते हाक मारणंच सोडून देतात आणि टीव्ही बंद राहतो. 'आता काही बघावंसं वाटत नाही' हे उत्तर ऐकलं तर ते खरं मानू नका, शेजारी बसून विचारा.

यावर उपाय आहेत. मुख्य पडद्यावर त्यांना लागणारी दोन-तीन ॲपच पुढे ठेवा, बाकीची काढा किंवा मागे ढकला. प्रोफाइलला त्यांचा फोटो किंवा ओळखीचं चित्र लावा. बोलून शोधायची सोय असेल तर त्यांच्या आवाजात, त्यांच्या भाषेत ती ओळखते का ते बघा. पायऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून रिमोटच्या जागी चिकटवा: कुठलं बटण, मग कुठे, मग काय. आणि तुम्ही करून दाखवू नका. रिमोट त्यांच्या हातात देऊन त्यांच्याकडूनच रोज एकदा करून घ्या, सलग आठवडाभर. तरीही जमलं नाही, तर त्यांच्या खोलीतल्या टीव्हीपुरतं सर्वात लहान केबल पॅकेज ठेवणं हा पूर्णपणे योग्य निर्णय आहे.

मुलं असतील तर त्यांचं वेगळं प्रोफाइल करा, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन लावा, आणि खरेदीलाही पिन लावा. एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होणं सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

महिन्याअखेरीस वही बघा. तक्रारी दोन-चार असतील आणि त्यांना उपाय सापडत असेल तर केबल बंद करा. रोज थेट सामने आणि बातम्या हव्या असणाऱ्या, इंटरनेट वारंवार जाणाऱ्या, किंवा टीव्ही सोबतीला लागणाऱ्या घराने केबल ठेवावी. मधला मार्ग बऱ्याच जणांना मानवतो: केबलचं पॅकेज हवं तेवढ्याच चॅनेलांवर आणायचं आणि सोबत एकच स्ट्रीमिंग सेवा घ्यायची.

पायरी सातवी: केबल रीतसर बंद करणं

आधी करार वाचा. ठरावीक मुदतीचा असेल तर मध्येच सोडण्याचा दंड किती, आणि किती दिवस आधी कळवायचं, हे त्यात असतं. फोनवर सांगितलं तरी ईमेलने लेखीही कळवा आणि तक्रार किंवा विनंती क्रमांक जपून ठेवा. बॉक्स, रिमोट, अडॅप्टर कंपनीचं असेल तर परत करा आणि पोचपावती घ्या. ती नसेल तर पुढे कधीतरी यंत्राची किंमत तुमच्या बिलात लागू शकते. बॉक्समध्ये रेकॉर्ड केलेलं काही बघायचं राहिलं असेल तर आधी बघून घ्या, कारण ते सहसा त्या बॉक्सबाहेर चालत नाही. इंटरनेट त्याच खात्यावर असेल तर फक्त टीव्हीची सेवा बंद करायची आहे हे स्पष्ट लिहा. बँकेतून आपोआप जाणारी रक्कम शेवटच्या बिलानंतर थांबली का ते तपासा, अनामत रक्कम दिली असेल तर ती परत मागा.

स्ट्रीमिंग सेवा घेतानाच तिची नूतनीकरणाची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन दिवस आधीची सूचना लावून टाका. सेवा जिथून घेतली तिथूनच ती बंद होते: फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतली असेल तर तिथे जाऊन, इंटरनेट कंपनीच्या योजनेतून आली असेल तर त्या कंपनीकडून. ॲप नुसतं काढून टाकल्याने पैसे जाणं थांबत नाही.